हेळव्याला मी काय सांगितलं

हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई. बायकोला न्हाई, पोरीला न्हाई, देवापुढंसुद्धा न्हाई. चौथीपतूर शिकलेला माणूस मी, लिवायला बसलो की हात आखडतो. पण बोलायचं म्हटलं तर जीभच उचलत न्हाई — मंग लिवतोच. तू आपला माणूस समजून वाच.

माझी बायको शेवंता. तिला जाऊन अकरा महिने झालं. शेरडं अजून माझ्या हाकेला येत न्हाईत. तिची सवय. मी हाक मारली की मान वर करून बघतात आन् परत खाली घालतात. बघू देत. पण मला सांगायचं हाय ते तिच्या बापाचं. म्हंजे तिचं पण. कुठनं धरू?

सासऱ्याचं नाव नामा. आमच्या वस्तीपास्नं अर्ध्या कोसावर राहायचा. पण तो मूळचा आमच्या माण तालुक्यातला न्हवं. आमच्यात दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरायचं, तिकडच्या रानात मेंढरं बसवायची, आन् पाऊसकाळ लागला की माघारी यायचं. अशा एका साली माघारी येताना मेंढक्यांनी घोड्यावर बसवून चार-पाच वर्साचं एक पोरगं आणलं. तिकडं पटकीची साथ होती, आईबाप गेलं, गावानं 'तुमच्याच जातीचं हाय, न्या' म्हणून दिलं. गाव कुठलं, घर कुणाचं — ज्यांनी आणलं ते पुढं मेलं, आन् ते नाव त्यांच्यासंगंच गेलं. सासऱ्याला आठवत होतं ते एवढंच — पाणी लय, उतरायला दगडी पायऱ्या, आन् एक थोरला भाऊ. त्याला तो अण्णा म्हणायचा. आन् पोटावर बिब्ब्यानं डागलेल्या दोन फुल्या होत्या, त्या आईनं दिलेल्या असणार.

शेवंता त्याची एकुलती. लगीनकार्यात बायका जमल्या की माहेरच्या देवाचं निघायचं. ती म्हणायची, म्हसवडचा सिद्धनाथ. पण तो सांभाळणाऱ्यांचा देव, बापाच्या कुळाचा न्हवं, हे तिला ठावं होतं. ती तेवढं बोलून भाकरीच्या पिठात हात घालायची. मरायच्या आधी एकदा बापाच्या खऱ्या देवापुढं भंडारा उधळायचा, एवढंच तिचं मागणं होतं. माझ्याकडं न्हाई कवा मागितलं. पोरीपाशी बोलायची, ते कानावर यायचं.

पोरीची पोरगी पूनम, पुण्याला नोकरी करती. तिनं हे मनावर घेतलं. दोन वर्सं सुट्टी घेऊन यायची. दहिवडीला गेली, वडूजला गेली, जुन्या जन्ममृत्यूच्या वह्या काढायला लावल्या, मोडी वाचणारा एक म्हातारा हुडकून आणला. मी संगं जायचो. बाहेर बाकड्यावर बसायचो, तिची पाण्याची बाटली धरून. ती बाहेर येऊन म्हणायची, "तात्या, आजपण काही नाही." आन् मी म्हणायचो, "गावंल की." गड्या, ह्या वह्यांत ते गावणार न्हाई हे मला ठावं होतं. कुठल्या वहीत हाय, तेबी ठावं होतं.

मंग पूनमनं एक काचेची नळी आणली. त्यात थुकायचं, आन् त्या थुकीवरनं रगताचं नातं शोधत्यात म्हणं. शेवंता तवा अंथरुणात होती. गोळ्यांनी तोंड कोरडं पडलेलं.

"माझ्या थुकीत काय गाव लिवलंय व्हय गं?"

"लिवलंय आज्जी. तू फक्त थुक."

"जल्मभर तुझ्या आईला, थुकू नको हिकडंतिकडं, म्हणून वराडले, आन् तू म्हंतीस थुक."

पूनमनं चिंचेचा गोळा तिच्या नाकापुढं धरला. खायचा न्हाई, नुसता बघायचा. तरी नळी भरायला अर्धा तास लागला. मी उंबऱ्यात बसून बघत होतो. शेवंता माझ्याकडं वळून म्हणाली, "तुमी काय तोंडाकडं बगताय? तुमचं गाव ठावं हाय सगळ्यांला." सगळी हसली. मीबी हसलो. तवा सांगितलं असतं तर ती ऐकून तरी गेली असती. त्या दिवशी तोंड उघडायला काय जात होतं माझं?

ती गेल्यावर दोन महिन्यांनी निकाल आला.

तासगावाकडच्या एका घरातलं पोरगं परदेशात शिकायला हाय. त्यानंबी मजा म्हणून तसंच थुकून दिलं होतं. त्याचं रगत शेवंताच्या रगताशी जुळलं. पूनमनं फोन केला, फोटो गेलं-आलं, आन् एक दिवस त्या पोराचा आजा आमच्या दारात आला. बापू त्याचं नाव. फौजेतनं निवृत्त, ताठ माणूस, सत्तरीला आलेला. संगं द्राक्षाची पेटी. त्याचा बाप म्हंजेच सासऱ्याचा अण्णा.

शेवंताच्या फोटोपुढं तो लय वेळ उभा राहिला. मंग माझ्याशेजारी बसून म्हणाला, "दाजी, आक्काला बगायला आलो आन् फोटो बगून चाललो."

मला दाजी म्हणणारा जन्मात कुणी नव्हता. का नव्हता, ते आता येतंय.

बापू सांगाय लागला. त्याच्या बापानं धाकट्या भावाला लय हुडकलं. शेवटाला हेळव्याला सांगितलं. तुझ्याकडं हेळवी येत नसंल तर सांगतो — हेळवी म्हंजे बैलावर बसून गावोगाव फिरणारा, घराण्याच्या पिढ्या वहीत लिवून ठेवणारा. सकाळी दारात येऊन तुझ्या खापरपणज्यापास्नं नावं म्हणून दाखवतो. त्याच्या वहीत लिवलं ते कुळाला खरं.

"हेळवी माणात फिरून आला," बापू म्हणाला, "आन् माझ्या बापाला, आबांना, म्हणाला, नामा साथीतच गेला, वंश न्हाई. आबांनी डोकं भादरून घेतलं, दहावं घातलं. त्या सालापास्नं पितरात चुलत्याचं पान वाढतोय आमी."

पूनमनं विचारलं, कुठल्या साली. तो म्हणाला, मी भरती झालो त्याच्या दुसऱ्या वर्सी. तिनं बोटावर मोजलं. परत मोजलं. मंग हळूच म्हणाली, "मामाआजोबा, पणजोबा त्याच्यानंतर सहा वर्षं जिवंत होते."

बापूचा हात गुडघ्यावर होता, तो तिथंच राहिला. जित्या भावाचं दहावं त्याच्या बापानं घातलं होतं. मंग तो म्हणाला, "म्हंजे त्या भाड्यानं कुठंतरी झाडाखाली बसून लिवलं. त्याचा नातू येतोय अजून आमच्यात. औंदा येऊ द्या, दारात उभा करत न्हाई. चार गावात सांगतो."

पूनमनं माझ्याकडं बघितलं. "तात्या, तुम्हाला कधी भेटला होता का हेळवी?"

मी म्हटलं, न्हाई बा. च्या घ्या, निवाय लागला.

भेटला होता. माझ्याच दारात भेटला होता. वाटेवरनं पहिलं घर माझं.

सकाळची वेळ होती. बैलाच्या गळ्यातली घाट वाजली म्हणून मी बाहेर आलो. शेवंता घरात नव्हती. हेळवी खाली उतरला आन् विचाराय लागला — नामा नावाचा, मेंढक्यांनी आणलेला, पोटावर बिब्ब्याच्या दोन फुल्या. थोरला भाऊ तासगावाकडं हाय. उसाचं रान हाय, पोरगा फौजेत गेलाय. कुळाचा देव आरेवाडीचा बिरोबा. भावानं सांगून धाडलंय, तो असंल तर त्याला घेऊन जातो, त्याची लेक असंल तर तिला माहेरपण करतो.

मी सगळं ऐकून घेतलं. आन् म्हटलं — मेला. हिकडं आणल्यावर त्याच साथीत मेला. पोरबाळ न्हाई.

तो म्हणाला, तुमी त्याचं कोण? मी म्हटलं, कुणी न्हाई. तो म्हणाला, वहीत लिवायचं म्हंजे खरं पायजे. मी सिद्धनाथाची आण घेतली. त्यानं बैलाच्या पाठीवर वही टेकली आन् लिवलं. मी त्याला सूपभर जोंधळा घातला आन् गावात न जाता सरळ वडूजची वाट दावली.

का केलं? जात एकच होती, तसलं काय आडवं येत नव्हतं. ती सबब मला न्हाई.

त्याच्या आठ दिवस आधी मी शेवंताला मारलं होतं. पहिल्यांदा न्हवं. दंड काळानिळा झाला होता, ती पदर ओढून फिरत होती. बापाला दावून काय करणार? तो मऊ माणूस, जावयापुढं हात जोडणारा. भाऊ न्हाई, चुलता न्हाई. आन् तिच्या मागं कुणी न्हाई, हे मला बरं वाटायचं — लिवलं बघ. भांडण झालं की मी म्हणायचो, जा की, कुठं जातीस? ती कुठंच जायची न्हाई. चुलीपुढं बसायची. त्या सकाळी हेळवी तिचं आख्खं माहेर घेऊन माझ्या दारात उभा होता. उद्या फौजेतला भाऊ येऊन विचारणार, दंडावर हे काय? मला ते नको होतं. बास, एवढंच. भ्याड माणूस मी. घरात तेवढा वाघ.

पुढं सहा वर्सं दर पाऊसकाळाच्या तोंडाला सासरा वाटंवर जाऊन बसायचा. मेंढरं माघारी यायला लागली की एकेका मेंढक्याला विचारायचा, नदीला दगडी पायऱ्या असलेलं गाव कुठलं रं, अण्णा नावाचा कोण भेटला का. पोरं चेष्टा करायची, "आला बगा पायऱ्यावाला." मी सायकलवरनं जाताना बघायचो. एकदा मला हाक मारून म्हणाला, "जावई, औंदाबी काय न्हाई." मी ब्रेकसुद्धा दाबला न्हाई.

आता पूनमनं पुण्याहून वंशावळ छापून धाडलीया. कागद मोठा हाय, भिंतीएवढा. सासऱ्याच्या नावाखाली शेवंता, शेवंताशेजारी मी. आन् सासऱ्याच्या नावाला बारीक अक्षरात लिवलंय — हेळव्याच्या चुकीमुळं दोन भावांची भेट झाली न्हाई.

हे लिवून झालं की पूनमला वाचायला देणार, आन् बापूच्या दारात जाऊन त्याला सांगणार.

चूक हेळव्याची न्हाई. त्यानं विचारलं, मी आण घेतली, त्यानं लिवलं. सासरा तवा जिता होता. शेवंता त्या सकाळी त्याच्याकडंच गेली होती, भाकरी घेऊन.