पारड्यावरचा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि आता ती ऐकायला राहिली नाही. तुम्हाला सांगतो, कारण — कुणाला तरी आधी सांगितल्याशिवाय घरात तोंड उघडणार नाही माझं.

मुळशीतल्या आमच्या गावात माझं किराणा दुकान होतं. नर्सबाई यायची तेव्हा यायची. घरी जन्मलेलं मूल लोक माझ्याच तागडीत तोलून न्यायचे. एका पारड्यात टॉवेलवर मूल, दुसऱ्यात वजनं. माझ्या तागडीवर गावाचा विश्वास होता.

अठ्ठ्याण्णव साली सून गरोदर होती. पहिलटकरीण, तरी तिला माहेरी धाडली नव्हती. आमच्याकडे समज असा, की बाईनं पोटभर खाल्लं तर मूल मोठं होतं आणि बाळंतपण अडतं. समज सगळ्यांचाच होता — पण घरात शब्द माझा चालायचा. ती दुसऱ्या भाकरीला हात घालायला लागली की मी नुसता खाकरायचो. हात मागे जायचा. दुकानात पोती भरलेली, आणि घरात पोटुशी बाई अर्धपोटी. मला दिसत नव्हतं? दिसत होतं.

नात झाली. काडीसारखे पाय. सुनेची आई मारुंजीहून आली ती दुकानाच्या पायरीवरच उभी राहिली. "इवाई, माझ्यासमोर तोला. दुकान भरलंय तुमचं, आन् लेक माझी वाळलीया. बघू तरी, नात किती भरतीया."

चार माणसं जमली होती. मी तीन किलोची वजनं टाकली. पोर पडू नये म्हणून धरतोय असं दाखवत तिच्या पारड्यावर हात ठेवला — आणि दाबला. काटा मधोमध आला.

"व्हय, भरली बया," विहीणबाई म्हणाल्या. मी पेढे वाटले.

सगळे पांगल्यावर पुन्हा तोलली. हात न लावता.

मग ते खोटं खरं करायच्या मागे लागलो. बिस्किटं, फरसाण, साखर घातलेलं दूध — सगळं दुकान तिचं. बघता बघता पोर गुबगुबीत झाली. आजा लई लाड करतोय, लोक म्हणायचे. लाड होते का ते?

यंदा, दोन हजार दहात, शाळेच्या तपासणीत तिचं ब्लडप्रेशर जास्त निघालं. बारा वर्षांची पोर. हिंजवडीच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा मोजलं, मग जन्मताना वजन किती होतं ते विचारलं. जन्मतः लहान आणि मग भराभर वजन वाढलेल्या मुलांना पुढे ब्लडप्रेशरचा, हृदयाचा त्रास व्हायची शक्यता जास्त असते, म्हणाल्या. होतोच असं नाही, पण कायम लक्ष ठेवावं लागतं.

सून चटकन म्हणाली, "न्हाई ओ बाई, चांगली तीन किलोची व्हती. मामंजींनी सोताच्या हातानं तोललीया."

"मग त्या बाजूनं काळजी नाही," म्हणत बाईंनी तसं लिहून घेतलं.

मी शेजारच्या खुर्चीत होतो. गप्प. नातीनं माझा हात धरला होता, आणि तरीही — गप्प.

उद्या सुनेला सांगणार, मग डॉक्टरीणबाईंना. नातीचं दुखणं त्यामुळेच आहे का, ते कुणी ठामपणे सांगणार नाही. त्याचा आडोसा मी घेत नाही. पोर दोन किलोलाही कमी भरली होती. तिची आई माझ्या घरात उपाशी होती. दोन्ही मला त्याच दिवशी माहीत होतं.