एक जूनला जन्मलेली अख्खी इंडस्ट्री

“एवढे सगळे एकाच दिवशी जन्मले? व्हॉट अ डे फॉर मराठी म्युझिक, सर,” रिया मॅडम म्हणाल्या.

मॅडम आमच्या रेडिओ स्टेशनच्या प्रोग्रॅमिंग हेड. वयाने माझ्या पुतणीएवढ्या. त्या मला ‘सर’ म्हणाल्या की माझं काम वाढतं.

लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आमचं ऑफिस आहे. जिथे माझे वडील कापडाचे साचे चालवायचे तिथेच मी एसीत बसून गायकांचे वाढदिवस शोधतो. सकाळच्या शोमध्ये ‘आजच्या दिवशी’ नावाची लिंक असते. लिंक म्हणजे दोन गाण्यांच्या मधली आरजेची बडबड. कोणाचा वाढदिवस, कोणतं गाणं याच तारखेला रेकॉर्ड झालं, वगैरे. ती बडबड मी लिहितो. बायकोला अजून वाटतं की मी नुसती गाणी लावतो.

तर, एक जून. कॉम्प्युटरने नावं काढली. शाहीर, कोळीगीतवाल्या, ऑर्केस्ट्रातले गायक, ढोलकीवाले. मॅडमनी ती नावं एका केकवाल्याला दाखवली आणि तो स्पॉन्सर झालासुद्धा. ज्येष्ठ गायिका द्वारकाताईंच्या घोडपदेवच्या खोलीवर जायचं, केक कापायचा, सगळं लाइव्ह.

“मॅडम, हे शाळेचे वाढदिवस आहेत,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“पूर्वी पोराला शाळेत घालताना आईबापांना तारीख ठाऊक नसायची. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून मास्तर एक जून ठोकून द्यायचे. माझे सासरे एक जून, सासूबाई एक जून. आणि लग्न पत्रिका जुळवून झालंय.”

“म्हणजे सगळे खोटं बोलले?”

“मास्तर बोलले. हे लोक तेव्हा सहा वर्षांचे होते.”

“सर, लाइव्ह झालं नाही तर तुमची लिंक बंद. सेल्सवाले त्या जागी राशिभविष्य मागतायत.”

राशिभविष्याला जन्मतारीख कुठून आणणार, हे मी मनातच म्हटलं. इतकी वर्षं सांभाळलेली लिंक होती. द्वारकाताईंना फोन केला, उद्या लाइव्ह गप्पा मारू म्हटलं. वाढदिवसाचा शब्द काढला नाही. काढला असता तर त्यांनी तिथेच नाही म्हटलं असतं.

सकाळी केक सांभाळत तीन मजले चढलो. ताईंनी आधी चहा पाजला. एके काळी ऑर्केस्ट्रा गाजवलेली बाई, त्यांचं एक गाणं अजून गिरणगावात हळदीला वाजतं. मग फोनवर स्टुडिओतला आरजे केदार सुरू झाला आणि मी फोन स्पीकरवर टाकला. मॅडम दुसऱ्या फोनच्या वायरीतून माझ्या कानात होत्या.

“द्वारकाताई, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा.”

“कोणाच्या?” ताई म्हणाल्या.

रेडिओवर शांतता पसरली. आमच्या धंद्यात यापेक्षा भयंकर काही नसतं.

“तुमच्या, ताई. एक जून.”

“तो मास्तरांचा. माझा जन्म गौरी जेवतात त्या दिवसाचा. आये चुलीपाशी घावणे काढत होती. अर्धे घावणे झाले नि मी झाले. उरलेले शेजारणीने काढले.” मग माझ्याकडे वळून, “तू गिरणीतल्या बाबल्याचो झील ना रे? तुका म्हायत नाय होता?”

हे सगळं लाइव्ह. कानात मॅडम सांगत होत्या, “सर, केक कापायला लावा. एनीहाऊ.”

ताईंनी खोका उघडून बघितला. “माझ्या नावाने कापूचा नाय. पण आणलायस तर वाया कशाक?” त्या उठल्या, गॅलरीत गेल्या आणि ऑर्केस्ट्राच्या आवाजात हाक मारली, “एक जूनवाले कोण कोण आहात रे? बाहेर या.”

दारं उघडली. एकेक म्हातारं माणूस बाहेर आलं. कोपऱ्यातल्या खोलीतले परबअण्णा बनियनवरच आले, माझा पुढे धरलेला फोन बघून परत गेले आणि शर्ट घालून आले. सुरी हातात धरून म्हणाले, “माझा आजवर कोणी केला नाय.” ताईंनी टाळ्यांवर ते हळदीचं गाणं धरलं, अण्णांचं नाव घालून. मी फोन धरून उभा होतो. आवाज स्वच्छ गेला, असं केदार नंतर म्हणाला.

स्टुडिओतले फोन जाम झाले. मुंबईत ज्याच्या त्याच्या घरात एक तरी एक जूनवाला निघाला. केकवाला खूश. लिंक वाचली.

दुपारी मॅडमनी बोलावलं. “ब्रिलियंट, सर. आता ताईंचा खरा बर्थडे कॅलेंडरमध्ये टाका. गौरीचा तो डे कुठल्या डेटला येतो?”

“दरवर्षी बदलतो, मॅडम. तिथीवर असतो.”

“मग त्यांना एक फिक्स करायला सांगा ना.”

मी जागेवर येऊन कॉम्प्युटर उघडला. तिथीसाठी रकाना नाही. गौरी लिहिलं, घेईना. तारखेचा रकाना मोकळा सोडला, तो लाल झाला. तारखेवाचून ताईंचं नावच यादीतून पुसलं जाण्याची वेळ आली. जेवणाची सुट्टी संपत आली होती.

शेवटी परत टाकला एक जून. मास्तरांविषयी मी आता काही बोलत नाही.