चौकाखालचा ओढा

माझी मावशी भित्री. पाली-झुरळांना नव्हे, माणसांना. राजधानीच्या नकाशा कचेरीत तिने एकतीस वर्षं काढली, पण साहेबांनी हाक मारली की ती पेन्सिलसकट उठून उभी राहायची. तिचं बोलणं ऐकायला कान पुढे करावा लागे, म्हणून सगळे तिला 'हळूबाई' म्हणत.

शहर मात्र तिला तोंडपाठ होतं. संसदेसमोरचा मोठा चौक म्हणजे मुळात ओढा. काठाला चांभारांची वस्ती होती. राजधानी इथे आणायचं ठरलं तेव्हा वस्ती उठवली, ओढ्यावर विटांची कमान घातली आणि वर फरशी बसवली. नव्या नकाशांत तो ओढा कुणी दाखवतही नव्हतं.

त्या वर्षी चौकातून रणगाड्यांचं संचलन निघायचं होतं. चार दिवस आधी चौकातून कचेरीत जाताना मावशीचा पाय एका खोलगट जागी पडला. जेवणाच्या सुट्टीत ती पट्टी घेऊन परत गेली. फरशी चांगली तीन बोटं खचलेली. तळघरातला जुना नकाशा काढून पाहिला, तर खचलेला पट्टा नेमका ओढ्यावर, आणि चौकाच्या कडेला खाली उतरायच्या झाकणाची खूण. ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, चौक खालून पोकळ आहे. रणगाडे..."

"हळूबाई, वरच्यांनी ठरवलंय ते. तुम्ही नको तिथे नाक खुपसू नका."

ती जागेवर येऊन बसली. डबा तसाच राहिला. शेवटी तिने संचलनाच्या इंजिनिअरला चार ओळींचं पत्र लिहिलं: चौक खचतोय, कडेचं झाकण उघडून खाली बघा. खाली सही करावी की नाही, यातच अर्धा तास गेला. केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं तिच्या टेबलापाशी उभी राहिली. पर्स घेऊ का, एवढंच तिने विचारलं. नको म्हणाले.

तिला नेलं त्या खोलीला खिडकी नव्हती.

"चौकाखाली शिरायची वाट आणखी कुणाला दाखवलीत?"

आता कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण धोका सांगायला गेलो आणि यांना घातपाताचा वास आला! माझी आई, म्हणजे तिची बहीण, तिच्याच घरी अंथरुणाला खिळलेली. तिला औषध कोण देणार, हेच मावशीच्या मनात घोळत राहिलं. तोच प्रश्न अकराव्यांदा आला तेव्हा ती रडत रडतच म्हणाली, "मला कोंडून ठेवा हवं तर. पण आधी झाकण उघडून बघा हो!"

त्यांनी तिला गाडीत घातलं. चौकाच्या कडेला इंजिनिअर थांबला होता. लोखंडी झाकण उचललं गेलं.

"तुम्हालाच माहीत आहे ना? मग पुढे व्हा," एकजण म्हणाला.

साडीचा काष्टा खोचून मावशी शिडीने उतरली. खाली गुडघाभर गार पाणी, कुजका वास. इंजिनिअरने बॅटरी वर धरली. कमानीला हात जाईल एवढी भेग होती. तेवढ्यात वरून बस गेली. चुन्याचा भुगा दोघांच्या डोक्यावर सांडला, मग एक वीट पाण्यात पडली, मग आणखी दोन.

"बाई, वर चला. पळा!" त्याचा आवाज चिरकला.

संचलन नदीपलीकडच्या रस्त्याने गेलं. वाहतुकीच्या सोयीसाठी मार्ग बदलला, असं पेपरात आलं. चौकाभोवती पत्रे उभे राहिले. जुना नकाशा 'गुप्त' म्हणून कुणीतरी उचलून नेला, आणि साहेबांना डावलून पत्र लिहिलं म्हणून मावशीची बदली आवक-जावक विभागात झाली. माफी कुणी मागितली नाही.

मी एकदा म्हटलं, "मावशी, केवढी शूर गं तू!"

"शूर कसली," ती म्हणाली. "अजून दारावर थाप पडली की आधी चपला शोधते. न्यायला आले तर अनवाणी जायला नको."