सहा आठवड्यांच्या जर्मनवर पाच महिने

आम्ही तिघं जर्मनीत राहिलो अवघे पाच महिने, पण त्यावर बोलतोय गेली चाळीस वर्षं! नाशिकला गंगापूर रोडच्या हॉटेलात चहाला बसलो की कुणीतरी सुरू करतो, "आठवतं का रे, तिकडं..." आणि दुसरा चहा सांगावा लागतो. किस्से कमी होत नाहीत, वाढतातच. हल्ली तर कोणती फजिती कुणाची हेही आम्ही विसरायला लागलोय. माझ्या दोन फजित्या जोशी स्वतःच्या म्हणून सांगतो. मीही सोडून देतो. सांगतो छान!

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. सातपूरच्या आमच्या कारखान्यात नवी जर्मन मशिनं यायची होती. ती शिकून घ्यायला टूलरूममधून तिघांना पाठवायचं ठरलं. जोशी आमचा सुपरवायझर, पंचवटीतल्या भटजींच्या घरातला. अहिरे हा टर्नर, लेथवर काम करणारा, देवळ्याकडच्या खेड्यातला. हात सोन्याचा, शिक्षण दहावी. आणि मी, साळवे, इन्स्पेक्शनला.

जायच्या आधी कंपनीनं सहा आठवडे जर्मन शिकवायला एक बाई लावल्या. बाई फार मनापासून शिकवायच्या. पण सहा आठवड्यांत आमचं पुस्तक वर्गातल्या वस्तूंच्या पुढं सरकलंच नाही. "दास इस्ट आइन ब्लायश्टिफ्ट." म्हणजे, ही पेन्सिल आहे. हे वाक्य आम्ही झोपेतसुद्धा म्हणू शकत होतो. अडचण एवढीच, की जर्मनीत पेन्सिल कुणाला दाखवायची?

*

फ्रँकफर्टला उतरलो. पुढं रेल्वेनं स्टुटगार्टला जायचं होतं. जोशीनं विमानातच वाक्य पाठ करून ठेवलं होतं. तिकीटखिडकीशी गेला, कोटाचं बटण लावलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ड्राय फारकार्टन नाख स्टुटगार्ट, बिट्टे!" तीन तिकिटं द्या. इतकं शुद्ध, की आम्हा दोघांना अभिमान वाटला!

खिडकीतल्या गृहस्थालाही वाटलं, याला जर्मन येतं. त्यानं अर्धा मिनिट न थांबता काहीतरी विचारलं.

प्रश्न पाठ केला होता, उत्तराची तयारी कुणीच केली नव्हती! मग त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. गृहस्थानं पुन्हा विचारलं, जरा हळू. असं तीनदा झालं. मागं रांग वाढली. शेवटी त्या माणसानं कागद ओढला आणि गाड्यांच्या वेळा लिहून दाखवायला कानावरची पेन्सिल काढली.

इतका वेळ मागं बॅगा धरून उभा असलेला अहिरे पुढं झुकला. बोट दाखवून म्हणाला,

"दास इस्ट आइन ब्लायश्टिफ्ट!"

तो गृहस्थ पेन्सिलीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "रिख्टिग!" बरोबर! आणि असा हसला, की रांगेतली माणसंही हसायला लागली. तिकिटं दिली, खिडकीवर 'बंद'ची पाटी लावली, बाहेर आला, अहिरेच्या हातातली एक बॅग घेतली आणि आम्हाला थेट डब्यापर्यंत सोडून गेला.

अहिरे जागेवर बसत म्हणाला, "बाईंनी शिकवलेलं वाया नाय गेलं."

*

पुढच्या एका गावी लॉजमध्ये उतरलो. काउंटरवरच्या बाईंनी किल्ली देताना खोलीचा नंबर सांगितला, "फिअर-उंट-फ्युन्फत्सिश." जोशी म्हणाला, "फिअर म्हणजे चार, फ्युन्फ म्हणजे पाच. पंचेचाळीस. चला."

पंचेचाळीस नंबरला किल्ली लागेना. जोशीनं दाबली, फिरवली, दाराला खांदा लावला. दार आतून उघडलं! समोर गंजिफ्रॉकातले एक आजोबा, तोंडाला साबणाचा फेस, हातात वस्तरा. जोशीला 'सॉरी'चं जर्मन आठवेना. तो वाकून नमस्कारच करायला लागला.

अहिरे मागून ओरडला, "साहेब, चोपन्न! चोपन्न! आधी चार, मग पन्नास. आपल्यासारखंच हाय ना! पाढे म्हनले नाय का शाळेत?"

खरंच की! जर्मन माणूस आधी एकं म्हणतो, मग दशकं. एकवीस, बावीस, चोपन्न. जोशी मनातल्या मनात इंग्रजीत आकडे मांडत बसायचा, म्हणून फसायचा. मराठी शाळेत घोकलेला अहिरे मात्र आकड्यांत कधी चुकला नाही. त्या दिवसापासून प्लॅटफॉर्मचा नंबर ऐकायचं काम अहिरेकडं.

आजोबांनी काय केलं? तोंड पुसलं, जोशीची बॅग उचलली आणि चोपन्नपर्यंत पोचवली. गंजिफ्रॉकातच!

*

जोशीनं निघताना आईला शब्द दिला होता, मांसाला शिवणार नाही. तो पाळायचा. स्टेशनजवळच्या एका खाणावळीत त्यानं डिक्शनरी बघून सांगितलं, "ओहनं फ्लाइश." मांस नको. वाढणाऱ्या बाई मान डोलवून गेल्या आणि बटाट्याचं गरम सूप घेऊन आल्या. दोन दिवस पावावर काढलेला माणूस! चमचा भरला आणि थांबला. आत गुलाबी तुकडे.

"फ्लाइश?" जोशीनं विचारलं.

"नाइन, नाइन," बाई नाही अशी मान हलवत म्हणाल्या. "श्पेक!"

जोशीनं डिक्शनरी उघडली. श्पेक म्हणजे डुकराची चरबी. चमचा खाली ठेवला. चिडला नाही, पण चेहरा असा उतरला, की बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सूप आत नेलं. उकडलेले बटाटे आणि दह्यासारखं घट्ट काहीतरी आणून दिलं. शिवाय एक कागद. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं: मांस नको, सॉसेज नको, श्पेक नको, हॅम नको, कोंबडी नको, मासे नकोत.

तो कागद जोशीनं जर्मनीभर खिशात बाळगला. खाणावळीत गेलं की आधी कागद पुढं करायचा. एका गावातल्या मालकिणीनं तो दोनदा वाचला, जोशीकडं काळजीनं बघितलं आणि विचारलं, "क्रांक?" आजारी आहात?

समजावून सांगण्याइतकं जर्मन कुणाकडं होतं? जोशी म्हणाला, "या. क्रांक." हो, आजारी.

बाई हळहळल्या. लोणी जास्त घातलं, वर गोड खीर दिली, तिचे पैसे घेतले नाहीत. पुढं सबंध जर्मनीत जोशी आजारीच होता. नाशिकला परतला तेव्हा त्याची एकही पॅन्ट कमरेला बसत नव्हती!

*

ही माझी फजिती. नोव्हेंबर महिना, मी एकटाच दुसऱ्या कारखान्यात मापं तपासायची काही गेज बघायला चाललो होतो. डब्यातलं हीटर बंद. नाशिकची थंडी आपल्याला थंडी वाटते, पण ती काहीच नाही! समोर एक म्हाताऱ्या बाई विणत बसल्या होत्या. माझे दात वाजताना बघून त्यांनी काहीतरी विचारलं. मी इंग्रजीवरून जुळवून म्हणालो, "इख बिन काल्ट."

बाईंच्या सुया थांबल्या. मग त्या खुदकन हसल्या. बोट हलवून म्हणाल्या, "नाइन. मिअर इस्ट काल्ट." आणि माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

नंतर कळलं, मी म्हणालो होतो, "मी थंड माणूस आहे." त्यांनी शिकवलं होतं, "मला थंडी वाजते." मराठीत आपण तरी काय म्हणतो? 'मला'च म्हणतो ना! इंग्रजी मधे घुसली आणि सोपं अवघड झालं.

धडा झाल्यावर बाईंनी गळ्यातला लोकरी मफलर काढला आणि माझ्या गळ्यात गुंडाळला. आई गुंडाळते तसा, मागं गाठ मारून. त्यांचं स्टेशन आलं, त्या उतरल्या. मफलर माझ्याच गळ्यात! मी तो सोडवत दाराशी धावलो. 'हा घ्या' याला काय म्हणतात, आठवेना. मफलर पुढं धरून नुसताच ओरडलो, "दास इस्ट... दास इस्ट..."

बाईंना वाटलं, मी मफलरचं नाव विचारतोय. फलाटावरून हसून म्हणाल्या, "आइन शाल!"

आणि गाडी सुटली.

*

जर्मनमध्येही 'तू' आणि 'तुम्ही' वेगळं. 'दू' म्हणजे तू, 'झी' म्हणजे तुम्ही. अहिरेनं ठरवलं, दोन्ही कशाला लक्षात ठेवायची? "आमच्याकडं आईलाबी तूच म्हनतात, देवालाबी तूच. दू पुरे."

आम्ही शिकत होतो त्या कारखान्याचे डायरेक्टर फार मोठे गृहस्थ. पांढरे केस, कडक कोट. सगळे त्यांच्याशी अदबीनं 'झी' बोलायचे. एकदा ते अहिरेच्या लेथशी आले आणि काम बघायला वाकले. मशीन फिरत होतं आणि त्यांचा टाय लोंबत लोंबत काम पकडून फिरणाऱ्या चकपासून वीतभर अंतरावर आला.

"दू! नाइन!" अहिरे ओरडला आणि कोट धरून त्यांना सरळ मागं ओढलं. दुसऱ्या हातानं मशीन बंद.

डायरेक्टरला अरे-तुरे, आणि वर कोटाला तेलाचा पंजा! जोशीचा चेहरा पांढरा पडला. डायरेक्टरांनी चककडं बघितलं, टायकडं बघितलं. मग शांतपणे काहीतरी बोलले. तिथल्या एका इंजिनियरनं आम्हाला इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतायत, या हॉलमध्ये मला शेवटचं 'तू' माझ्या उस्तादानं म्हटलं होतं. मी तेव्हा शिकाऊ होतो."

त्यानंतर ते हॉलमध्ये आले की पहिल्यांदा अहिरेकडं यायचे. शर्टात खोचलेला टाय दाखवायचे आणि विचारायचे, "दू, गुट सो?" तू सांग, ठीक आहे?

*

शेवटचा महिना. मी आणि जोशी दोन दिवसांसाठी दुसऱ्या गावी गेलो होतो. अहिरे एकटाच होता, मास्टर ब्रांटच्या हाताखाली. ब्रांट म्हणजे साठीचा, दगडी चेहऱ्याचा माणूस. दिवसभरात दहा शब्द बोलायचा, आणि भोंगा व्हायच्या आधी मिनिटभरही मशीन सोडायचा नाही.

सकाळी अहिरेच्या नावानं तार आली. आई सीरियस, मालेगावला दवाखान्यात, आणि डॉक्टरांचा फोन नंबर. तार आमच्या कंपनीतून फिरत फिरत आली होती, चार दिवसांची शिळी.

अहिरेला तेव्हा जे जर्मन येत होतं, ते सगळं मशीनवरचं. तो ब्रांटकडं गेला आणि म्हणाला, "माइनं मुट्टर... कापुट."

आता 'मुट्टर' म्हणजे आई. पण कारखान्यात बोल्टवर बसतो त्या नटलाही 'मुट्टर'च म्हणतात! कापुट म्हणजे मोडलं, बिघडलं. ब्रांटनं मान डोलवली, रॅककडं गेला आणि एक नट आणून अहिरेच्या तळहातावर ठेवला.

अहिरेनं मान हलवली. "नाइन. माइनं मुट्टर."

ब्रांटनं मोठा नट आणला.

"नाइन! मुट्टर... इंडियन!"

ब्रांट विचारात पडला. इंडियन नट? मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. इंडियन म्हणजे इंग्रजांचे जुने इंची आटे! तो खाली बसला, सगळ्यात तळाचा ड्रॉवर ओढला आणि बराच वेळ शोधून एक जुनाट नट घेऊन आला.

अहिरे सांगतो, "तो नट हातात घेतला आन् मला रडूच फुटलं. एवढा मोठा बाप्या मी, मशिनीपाशी हुभा राहून रडतोय." त्यानं हातांचा पाळणा करून हलवला, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग हात गालाशी नेऊन डोळे मिटले.

ब्रांट बघत राहिला. त्यानं अहिरेच्या हातातला नट काढून घेतला, बाकावर ठेवला, अ‍ॅप्रन सोडला आणि चालू शिफ्टमध्ये त्याला स्वतःच्या गाडीत घालून गावातल्या पोस्टात नेलं.

तारेवरच्या नंबरला कॉल बुक केला. भारताचा कॉल, तोही मालेगावचा! तीन तास दोघं पोस्टातल्या बाकावर बसले होते. बोलायला भाषा नव्हती. ब्रांटनं एकदा स्वतःच्या डब्यातला अर्धा पाव पुढं केला, तो अहिरेला गिळवला नाही.

दुपारी लाइन लागली. आधी भाऊ बोलला. धोका टळला होता, आई कालपासून उठून बसत होती. तिला खुर्चीवर बसवून डॉक्टरांच्या केबिनपर्यंत आणलं. फोनवर पहिला आवाज आला, "जेवना का रे पोऱ्या?" जेवलास का?

अहिरेला हुंदक्यावर हुंदका यायला लागला. पलीकडून आई, "हॅलो, हॅलो, पोऱ्या!" काय करणार? त्यानं रिसीव्हर ब्रांटच्या हातात दिला.

ब्रांटनं तो कानाला लावला. पलीकडून अहिराणी सुरू! ब्रांट सरळ उभा राहून ऐकत होता. मधूनमधून म्हणायचा, "या, मुट्टर. या. या, मुट्टर." कॉल संपेपर्यंत ऐकलं आणि रिसीव्हर हळूच ठेवला.

अहिरेनं विचारलं, "वास?" काय म्हणाली?

"एसन," ब्रांट म्हणाला. जेवण.

कारखान्यात परत नेलंच नाही, थेट स्वतःच्या घरी नेलं. बायकोला सांगून टेबल मांडलं, अहिरेला समोर बसवलं. अहिरे पुरे म्हणाला की ब्रांट डाव पुढं करायचा आणि एवढंच म्हणायचा, "मुट्टर झाग्ट." आई म्हणाली!

महिनाभरानं अहिरे गावी पोचला. आई ओट्यावर बसून लसूण सोलत होती. बोलता बोलता त्यानं विचारलं, "आई, त्या फोनवर तू त्या गोऱ्या माणसाला काय सांगितलं गं?"

आईनं हातातलं काम न थांबवता सांगितलं,

"काय सांगू? म्हटलं, मन्हा पोरले पोटभर जेवाले घाल रे, भाऊ."