चुलतीच्या पायाचा फोटो

दुष्काळात तलावाच्या कामावर माझ्या चुलतीच्या नडगीवर दगड पडला. मी तिला एसटीनं उस्मानाबादच्या दवाखान्यात नेलं.

"दुखंल का?" तिनं एक्स-रेवाल्याला विचारलं.

"नाही. फक्त हलू नका."

ती डोळे मिटून पडली आणि मिनिटभरात काम झालं. फिल्म वाळल्यावर त्यानं ती उजेडात धरली.

चुलती म्हणाली, "ह्यो माझा पाय न्हाय. माझ्या नडगीवर गोंदलेला इंचू कुठं हाय?"

यात कातडी दिसत नाही, हे तिला पटेना. डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याचं सांगून पट्टी बांधली.

परतताना ती सारखी मागं वळून दवाखान्याकडं बघत होती. मी कारण विचारलं.

"माझ्या मोडक्या पायाचा फोटू दुसऱ्या बाईला गेला असंल," ती म्हणाली. "पाय धड असून बिचारीला पलस्तर घालतील."