ज्याला जो दिसला तो रंग

आमच्या अमडापुरात बेसबॉल कसा आला हे मी हजारदा सांगितलंय आणि दर वेळी वेगळं सांगितलंय. आज खरं सांगतो. शाळेने क्रिकेटचं सामान मागवलं होतं, खोक्यातून गोल दांडके निघाले. परत कोण पाठवणार, म्हणून आम्ही तोच खेळ शिकलो. मी तिथे पी.टी.चा मास्तर. माझी शिट्टी एवढी कडक की अमडापुरात वाजवली तर चिखलीच्या बसस्टँडवर माणसं रांगेत उभी राहायची. यात थोडं कमी-जास्त असेल. पण पुढे जे सांगणार आहे त्यात मी पदरचा एक दाणाही घातलेला नाही, आणि हीच माझी पंचाईत आहे. मी फेकतो तेव्हा लोक मांडी घालून ऐकतात, हे सांगायला लागलो की चपला शोधतात.

आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, डावखुरा. बौद्ध वस्तीतला, बाप गवंडीकाम करणारा. त्याचा चेंडू एवढा वेगात यायचा की बॅटरला तो येताना दिसायचाच नाही, गेल्यावर वारा लागायचा. तो चेंडू झेलणारा गावात एकच, आमचा कॅचर, पाटलाच्या घरचा, बुटका आणि कोठीसारखा रुंद. एकाला बाजूला काढलं की दुसरा बिनकामाचा. बुलढाण्याला जिल्ह्याची स्पर्धा होती, तिथूनच राज्याच्या संघासाठी पोरं निवडणार होते. वयोगटात बसायचं पिचरचं हे शेवटचं वर्ष. निवड झाली तर पुढे खेळ, शिक्षण, होस्टेल. नाही झाली तर बापाबरोबर पुण्याच्या साइटवर जायचं हे घरात ठरलेलं. पोरगं मला फक्त एवढंच म्हणालं होतं, "सर, मले सिमेंटचा वास सहन होत नाही."

तर स्पर्धेवाल्यांचा निरोप आला, सगळ्या टीमने एकसारख्या रंगीत जर्स्या घालून यायचं.

आता हे निरोप देणारे बुलढाण्यात पठारावर थंड हवेत बसलेले. त्यांना काय माहीत, निवडणुकीच्या दिवसांत गावात रंग ही काय चीज असते! विजेच्या खांबाखांबावर झेंडे. आमच्या न्हाव्याने दुकानाला नवा पडदा लावला तर संध्याकाळपर्यंत त्याची निम्मी गिऱ्हाईकं तुटली. एका घरी नवऱ्या मुलाचा फेटा कोणत्या रंगाचा बांधायचा यावरून वरात खोळंबली होती. आमच्याकडे तिघे पुढारी जर्स्या फुकट द्यायला आले, तिघांचे तीन रंग. कॅचरचा बाप, पाटील, शाळेच्या व्हरांड्यात येऊन म्हणाला, "मास्तर, माह्या पोराच्या आंगावर भगवा सोडून दुसरा रंग दिसला तर पोरगं घरी घेऊन जाईन."

पिचरचा बाप हातातली थापी खाली न ठेवता म्हणाला, "अन् माह्या पोराच्या आंगावर निळा सोडून दुसरा चढला तर मी बी नेतो."

बाजारातला एक व्यापारी, ज्याचा पोरगा तिसऱ्या बेसवर उभा राहायचा, तो हळूच म्हणाला, "आपलं काही म्हनणं नाही हो. पन हिरवा थोडा तरी पाहिजे."

"थोडा म्हंजे केवढा?" पाटील.

"दिसला पाहिजे एवढा."

मग मागे पोरांत बसलेला पिचर उठला. म्हणाला, "सर, समदे रंग एकाच कढईत टाका न. परत्येकाचा रंग त्यात हाय म्हनता येईल. झगडाच नाही."

कोणालाच यात खोट काढता येईना. ठरलं. पांढऱ्या जर्स्या आणायच्या आणि ज्याने त्याने आपल्या रंगाची एक पुडी द्यायची. लग्नाच्या स्वयंपाकवाल्याकडून मोठी कढई आणली, शाळेमागच्या विहिरीजवळ चूल मांडली.

इथे आमच्या गावाचा स्वभाव आडवा आला. एक पुडी ठरली होती ना? पाटील सकाळी आले, मला दाखवून एक पुडी टाकली आणि मी वळल्यावर आणखी एक मूठ टाकली. पिचरचा बाप आला, त्याचंही तेच. व्यापाऱ्याने तर रुमालात बांधून आणला होता रंग, नाक पुसता पुसता झटकला. दुपारपर्यंत अख्खं गाव विहिरीवर पाणी प्यायला येऊन गेलं. एवढी तहान मी उन्हाळ्यातही पाहिली नाही. आपला रंग वर राहावा म्हणून प्रत्येकाने चोरून ओतला, आणि प्रत्येकाला वाटत होतं की चोरून ओतणारा तो एकटाच आहे. कढईतलं पाणी उकळत होतं, पण वाफ दिसत नव्हती. मी काठी घालून ढवळलं तर काठी जड लागली, जणू खालून कोणी धरली आहे.

जर्स्या तारेच्या कुंपणावर वाळत घातल्या. वारा पडलेला होता, तरी त्या हलत होत्या. म्हशींचा कळप रोज त्याच वाटेने परततो, त्या दिवशी पुढची म्हैस कुंपणापाशी थांबली आणि मागे फिरली. गुराखी ओरडला, शेपूट पिरगाळलं, काही नाही. अख्खा कळप शेतातून लांबचा वळसा घालून गेला, लोकांचा हरभरा तुडवत.

संध्याकाळी मंडळी माल बघायला आली. पाटलांनी एक जर्सी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मास्तर, हा तर निव्वळ निळा झाला."

मी म्हटलं, पाटील थट्टा करताहेत. तेवढ्यात पिचरच्या बापाने तीच जर्सी त्यांच्या हातातून घेतली, उजेडाकडे धरली. "निळा? डोळे हायेत का तुमाले? भगवा हाय हा! पक्का भगवा! काऊन असं केलं सर?"

व्यापारी दोन पावलं मागे सरकला. नंतर कळलं, त्याला त्यात तो रंग दिसला होता ज्याच्या मोर्च्यात एकदा त्याचं दुकान फुटलं होतं. कोणता ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही.

मी मोबाइलवर फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. म्हटलं, फोटो तर खोटं बोलणार नाही. एका मिनिटात खाली भांडणं सुरू झाली. एक म्हणतो निळा केल्याबद्दल निषेध, दुसरा म्हणतो हिरवा का, तिसरा विचारतो मास्तर विकला गेला का. एकच फोटो! हळूहळू माझ्या ध्यानात आलं. आपला रंग कोणालाच दिसत नव्हता. ज्याला ज्या रंगाची धास्ती, त्याला तोच दिसत होता.

मला कोणता दिसला ते विचारू नका. मी सरकारी पगार घेतो.

दुसऱ्या सकाळी स्पर्धा. नव्या जर्स्या आणायला वेळ नव्हता. पोरांना नेणार म्हणणारे दोन्ही बाप आले, पण पोरांना ओढून न्यायला हात पुढे करेनात, कारण जर्सीला हात लावायला कोणी तयार नव्हतं. पोरं आपली निघाली. आम्ही बाजारातून जीपकडे चाललो तेव्हा आठवडी बाजाराचा दिवस, माणसांची खेचाखेच. आम्ही जसजसे पुढे जायचो तसतसा गलका थांबत जायचा. भाव करणाऱ्या बाया बोलता बोलता थांबायच्या. एका म्हाताऱ्याने टोपी काढून छातीशी धरली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"सर, लोकं असे काऊन पाहून राह्यले?" पिचरने विचारलं.

"तुझा खेळ ऐकून असेल बे," मी म्हटलं. आयुष्यात एवढी बारकी थाप मी कधी मारली नव्हती.

बुलढाण्याच्या मैदानावर पहिला सामना. पिचर उभा राहिला, समोर बॅटर. बॅटरने चेंडूकडे पाहायला हवं. त्याने पिचरच्या छातीकडे पाहिलं आणि त्याचा दांडका हळूहळू खाली आला. चेंडू त्याच्या कानाजवळून गेला, तरी तो हलला नाही. दुसरा आला, तोही तसाच. तिसऱ्याने तर मागे वळून आपल्या टीमकडे पाहिलं, जणू विचारत होता, मला इथे कोणी आणून सोडलं? पठारावर दुपारी एरवी वारा असतो. त्या दिवशी मैदानाभोवतीची निलगिरी अशी उभी होती की पान हलेना. एवढी माणसं, आणि मला फक्त चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज ऐकू येत होता. धप्प. धप्प. आम्ही जिंकत होतो आणि माझ्या अंगावर काटा येत होता.

मग स्पर्धेचे दोन संयोजक धावत आत आले. "थांबवा! राजकीय रंग चालणार नाही इथं!"

"कोणता राजकीय रंग?" मी विचारलं.

एकाने एक सांगितला, दुसऱ्याने दुसरा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ते आमच्याशी न भांडता आपसात भांडू लागले, आधी रंगावरून, मग जुन्या कसल्याशा गोष्टीवरून, आणि शेवटी एकाने हुकूम सोडला, "जर्स्या काढा. नाहीतर टीम बाद."

पिचरचं वर्ष तिथे संपत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. दोन्ही हातांनी जर्सी डोक्यावरून काढली आणि जमिनीवर टाकली.

कोणीतरी "अरे देवा" म्हणालं.

रंग त्याच्या अंगावर उतरला होता. घामाने उतरला असेल. छाती, खांदे, पोट, सगळं त्याच रंगाचं. बाटल्यांतलं पाणी ओतलं, मातीने घासलं, कातडी सोलवटली, रंग तसाच. बाकीच्या पोरांनीही जर्स्या काढल्या. त्यांचंही तेच. उघडी पोरं मैदानात उभी, आणि त्यांच्याकडे बघणारा प्रत्येक माणूस आपापलं काहीतरी बघत होता. संयोजक मागे मागे सरत कुंपणाला टेकले.

निवड करणाऱ्यांत एक म्हातारा होता. तरुणपणी कॅचर होता म्हणे, दोन बोटं वाकडी. तो प्लॅस्टिकची खुर्ची स्वतः ओढत आमच्या कॅचरच्या मागे, होम प्लेटपाशी घेऊन आला, बसला आणि त्याने डोळे गच्च मिटले.

"टाक रे," तो म्हणाला.

पिचरने टाकला. धप्प.

"अजून."

धप्प.

"आता वाकडा टाक. आत येनारा."

चेंडू आत आला. म्हाताऱ्याची मान आवाजाबरोबर हलली, झोपेत कोणी हाक मारावी तशी. पाटलाच्या पोराच्या हाताला कळा लागल्या असतील, पण तो ग्लोव्ह मांडून बसला होता. म्हाताऱ्याने पुष्कळ वेळ चेंडू टाकायला लावले. डोळे एकदाही उघडले नाहीत.

"हे पोरगं घ्या," तो म्हणाला.

कुंपणाजवळून एक संयोजक म्हणाला, "पण साहेब, त्याच्या अंगावर—"

"मले काय विचारता? मी पायलंच नाही. मी आयकलं."

"पण बघा तरी एकदा. उद्या वरून विचारतील."

म्हातारा उठला. त्याला जाता आलं असतं तसाच, मिटलेल्या डोळ्यांनी, माझा हात धरून. पण त्याने डोळे उघडले आणि पिचरकडे पाहिलं. त्याच्या गालावरचं मांस थरथरलं. त्याला काय दिसलं कोण जाणे, पण असं काहीतरी जे तो फार वर्षांपूर्वी कुठेतरी सोडून आला होता. पिचर त्याच्या समोर उभा. साऱ्या मैदानाला वाटलं, म्हातारा आता शब्द फिरवणार.

"बाबा," पोरगं म्हणालं, "नाही घेतलं तरी चालते."

"गप बे." म्हाताऱ्याने वाकडी बोटं त्याच्या ओल्या खांद्यावर ठेवली, सगळ्यांच्या देखत, आणि तशीच दाबून ठेवली. दुसऱ्या हाताने संयोजकाला खूण केली. "लिव्हा म्हनलं न नाव. लिव्हा."

नाव लिहिलं गेलं. म्हाताऱ्याने हात उचलला, रंग लागलेला तळवा स्वतःकडे वळवून पाहिला आणि मूठ मिटली. मी पाणी द्यायला गेलो तर त्याने पेला डाव्या हाताने घेतला. उजवी मूठ त्याने कोटाच्या खिशात घातली होती, आणि जेवणं झाली, बक्षिसं वाटली, आमची जीप निघाली, तरी ती बाहेर आली नाही.