मोकळा पाईप, विठा घाट आणि एस्टीत बसलेली आई

गाडी माझी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या आठवड्यात हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलं की शेवटी मलाच त्याचा वीट आला. सेकंडहँड, टर्बो पेट्रोल, माझ्या पगारातून घेतलेली. माझ्या नवऱ्याला, म्हणजे सतीशला, गाडी चालवता येत नाही. शिकायचीही नाही. आमच्या नगरच्या सावेडीत त्याला स्कूटर पुरते आणि लांब जायचं असलं की तो माझ्या शेजारी बसून बडीशेप खातो. सुखी माणूस आहे.

तर झालं असं, की आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. आई तिकडे अकोले तालुक्यात, राजूरला एकटी राहते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि कित्येक वर्षं "बघू पुढं" एवढंच चाललेलं. कारण काय, तर तिला गाडी लागते. बंद गाडीत पेट्रोलचा वास आला की तिचं पोट ढवळतं. या वेळी मी अक्षरशः पाया पडले. काचा उघड्या ठेवते, हळू चालवते, एकदा माझ्या गाडीत बसून तर बघ. ती म्हणाली, "एकदा बसंन. तरास झाला तर परत डोळ्याचं नाव काढायचं न्हाई." नगरच्या डॉक्टरांनी मंगळवार दिला. आणि त्याच आठवड्यात गाडीचा दम गेला.

चढ आला की रडायला लागायची. टर्बो गाडी आणि मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न मारतोय, यापेक्षा मोठा अपमान नसतो. सावेडीतल्या गॅरेजवाल्यानं खाली वाकून बघितलं, उठला, आणि सतीशकडे तोंड करून म्हणाला, "साहेब, डाउनपाईप चोक झालाय." साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली. साहेबांना ते गच्चीवरचं पावसाचं पाणी खाली आणणाऱ्या पाईपासारखं काहीतरी वाटलं होतं, हे मला घरी आल्यावर कळलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टर्बोमधून निघालेला धूर खाली नेणारा पहिला पाईप म्हणजे डाउनपाईप. माझ्या गाडीत त्याच्याच पोटात धूर साफ करणारी जाळी असते. ती जळून बसली की गाडीचा श्वास कोंडतो. मग तीन रस्ते. एक, कंपनीचा नवा पाईप: महाग, आणि दीड महिना वाट बघा. दोन, जाळी नसलेला मोकळा पाईप: स्वस्त, गाडी सुसाट, पण आवाज दणदण, धुराचा वास थेट गाडीत, आणि पीयूसीच्या नावानं शंख. तीन, बाहेरून करून घेतलेला, पण आत मोठ्या भोकांची जाळी असलेला स्टीलचा पाईप. गाडीही पळते, वासही येत नाही. मला तिसरा हवा होता. चार रात्री जागून वाचलं होतं मी यावर. पण ज्याला विचारावं तो उत्तर सतीशला द्यायचा. एका दुकानदारानं तर मला सांगितलं, "वहिनी, लेडीजला आवाज सहन होत नाही, म्हणून जाळीवाला घ्या." अहो, मला आवाज आवडतो! आईला वास चालत नाही, म्हणून घेतेय. हे कुणाला सांगू?

शेवटी ऑफिसातल्या एकानं काष्टीचं नाव काढलं. तिथे बापू म्हणून एक फॅब्रिकेटर आहेत. आधी ट्रॅक्टरचे सायलेन्सर करायचे, आता पुण्याची पोरं त्यांच्याकडे टर्बो गाड्या घेऊन येतात. फोन केला. "जाळीवाला एक तयार हाय, ताई. तुमच्याच मॉडेलचा. शनिवारी या." मी खूश. जाताना सतीशला घरी ठेवून जायला हवं होतं, पण त्याला काष्टीच्या बाजारातली गरम जिलबी खायची होती.

शनिवारी सकाळी दौंड रोडनं निघालो. रस्ता चांगला आहे, तास-सव्वा तासात पोचता येतं. पण शनिवारी काष्टीला गाडी घेऊन जाणार असाल तर माझं ऐका, जाऊ नका. त्या दिवशी तिथे जनावरांचा मोठा बाजार असतो. टेम्पोतून उतरणारे बैल, दोरखंड, घुंगरं, शेळ्यांचे कळप, आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून एकमेकांचे हात टॉवेलाखाली धरून बोटांनी भाव ठरवणारे लोक. हॉर्न वाजवला तर ते असे बघतात की चूक आपलीच. शेवटचा एक किलोमीटर मी अर्धा तास चालवत होते.

बापूंचं शेड बाजाराच्या पलीकडे. बापू पन्नाशीचे, भुवया जळालेल्या, बोलायला गोड. मी त्यांना जाळीवाला पाईप दाखवायला लावला, हातात घेतला, वेल्डिंग बघितलं, आत डोकावून जाळी बघितली. अगदी हवा तसा. "हाच बसवा," मी म्हटलं. स्पष्ट मराठीत.

"व्हय ताई. दोन तास लागतील. बाजार करून या तवर. दाजी बसतील हितं."

दाजी बसले. मी बाजारात गेले. आईसाठी एक घोंगडी घेतली, गरम भजी खाल्ली, सतीशसाठी जिलबी बांधून घेतली. मनात नुसता आनंद. एवढ्या दिवसांनी एक गोष्ट मनासारखी होत होती. परत येताना लांबूनच एक आवाज कानावर आला. बाजारात कुणीतरी बुलेट रेझ करतंय असं वाटलं. शेडच्या दारात आले तर ती माझी गाडी होती.

"बापू! हे काय बसवलंय?"

"मोकळा बसवला, ताई. दाजींना इचारलं की मी."

त्याचं झालं असं. मी गेल्यावर पुण्याहून दोन जण आले. त्यांना जाळीवाला तातडीनं हवा होता. बापूंनी सतीशला विचारलं, "दाजी, तुमाला मोकळा टाकला तर चालंल का? गाडी लई पळंल." सतीश तेव्हा फोनवर क्रिकेट बघत होता. तो म्हणाला, "चालेल."

माझ्या नवऱ्याचा हा एकच दोष आहे, पण तो सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतो. त्याला काहीही विचारा, तो "चालेल" म्हणतो. पडद्याचा रंग चालेल, शिळी भाजी चालेल, शेजाऱ्यांनी आपल्या जागेत स्कूटर लावलेली चालेल. लोकांना वाटतं किती सज्जन माणूस. सज्जनपणा नाही हो, त्याला वाद नको असतो, बस!

"अहो, तुम्हाला कळलं तरी का, काय विचारत होते ते?" मी जिलबीचा पुडा त्याच्या मांडीवर आपटला.

"पाईपचंच विचारत होते ना?" सतीश म्हणाला.

"गाडी माझी आहे, बापू! मी तुम्हाला हातात धरून दाखवला होता पाईप!"

बापूंचा चेहरा खरोखर पडला. त्यांना आपलं काही चुकलं असं वाटतच नव्हतं. घरचा माणूस समोर बसलेला असताना बाईला बाजारातून शोधून आणून विचारायचं, हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. "दुसरा करून देतो ताई, फुकट बसवून देतो. पन जाळी पुण्याहून याची, आठ दिस लागतील." जुना पाईप? तो कापून झाला होता. म्हणजे मंगळवारपर्यंत हाच. मी गाडीत बसले आणि दार इतक्या जोरात लावलं की पलीकडच्या शेळ्या दचकल्या. बाजारातून बाहेर पडताना एका खिलारी बैलानं कान टवकारले आणि दाव्याला हिसका दिला. त्याचा मालक ओरडला, "आरं ए, बैल इकायचाय मला, पळवायचा न्हाई!" आणि तो ओरडला कुणावर? शेजारी बसलेल्या सतीशवर.

रविवारी पहाटे राजूरला निघालो, कारण सोमवारी तपासण्या होत्या आणि दुसरा दिवस हातात नव्हता. नगर-मनमाड रस्त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, ब्लॉग लहान मुलंही वाचतात. कोल्हारहून आत लोणीमार्गे संगमनेर गाठा, तिथे नाश्ता करा, मग अकोले. अकोल्यापुढे हवा बदलते, भातखाचरं लागतात, डोंगर जवळ येतात. एरवी मी विठा घाटात गाडी थांबवून फोटो काढते. या वेळी घाटात आवाज डोंगरावर आपटून परत आमच्याच अंगावर येत होता. खरं सांगू? गाडी सुंदर चढत होती. टर्बोची शिट्टी, मग तो मोकळा हुंकार. दुसरा कुठला दिवस असता तर मी गाणं म्हटलं असतं. पण पाठीमागून कच्च्या धुराचा तो तिखट वास येत होता आणि याच गाडीत आता आई बसणार होती. सतीशनं बडीशेपही खाल्ली नाही.

आई पिशवी भरून ओट्यावर बसलेली. नवी साडी, डोक्यावरून पदर. गाडी दारात आली तेव्हा तिनं दोन्ही हात कानावर ठेवले. "ट्रॅक्टर आनलास का गं नंदे?"

चारही काचा खाली करून निघालो. पहिली दोन वळणं ती पदर नाकाला लावून बसली. तिसऱ्या वळणावर म्हणाली, "थांबव." उतरली, दगडावर बसली, आणि सकाळचा चहा सगळा बाहेर आला. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कुणाकुणावर काढायचा हेच कळत नव्हतं.

"झालं?" आई तोंड पुसत म्हणाली. "बसले का न्हाई एकदा? आता मला घरी सोड. जेवढं दिसतंय तेवढं पुरं हाय."

"आई, अगं परवा ऑपरेशन आहे."

"न्हाई म्हनले ना."

मी काही बोलणार तोवर सतीश रस्त्यात जाऊन उभा राहिला. वरून, राजूरकडून, संगमनेरला जाणारी एस्टी येत होती. त्यानं दोन्ही हात पसरून ती अडवली. ड्रायव्हर ओरडला, "ओ, हितं थांबा न्हाई!" आणि माझा नवरा, ज्यानं आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, तो म्हणाला, "नाही! थांबायचं! म्हातारं माणूस आहे!" मग आईकडे वळून म्हणाला, "मामी, एस्टी लागते का तुम्हाला?"

"एस्टी न्हाई लागत. तिला वारं असतं."

"मग चला. मी येतो संगं."

आणि ती उठली. जावयानं पिशवी घेतली, हात दिला, खिडकीची जागा मागून घेतली. एस्टी निघून गेली. मी एकटी घाटात, माझ्या सुसाट गाडीत.

त्या दिवशी घाटापासून संगमनेर, आणि तिथे बस बदलून थेट नगरपर्यंत, मी एस्टीच्या मागे गाडी चालवली. अर्ध्या तिकिटात आई पुढे, आणि हजारो रुपयांचा पाईप लावून मी मागे, चाळीसच्या स्पीडनं, तिचा खिडकीबाहेर आलेला पदर बघत. जवळ जावं तर आवाजानं ती वळून बघेल, लांब राहावं तर मधे ट्रक घुसेल. राहुरीला मी चिडून एका ट्रकवाल्याला इतकं बोलले की त्यानं हात जोडले.

एका डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. आठवडाभर आई आमच्याकडे होती, काळा चष्मा लावून सगळ्यांना सूचना देत. त्याच आठवड्यात सतीशनं स्वतः बापूंना फोन लावला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "चालणार नाही! अजिबात चालणार नाही! तो काढा आणि तो... तो भोकंवाला लावा!" पलीकडून बापूंनी "ताईंना द्या" म्हटलं असणार, कारण सतीशनं गुपचूप फोन माझ्या हातात आणून दिला. बापूंनी शब्द पाळला. एकही पैसा न घेता जाळीवाला बसवला, आणि चाव्या माझ्याच हातात दिल्या.

आईला सोडायला गेलो तेव्हा ती गाडीत बसायला तयार नव्हती. दार उघडून तिनं आधी आत वास घेतला, दोनदा. मग बसली. घाटात गाडी शांत, काचा उघड्या, मागे सतीश घोरतोय. आई रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होती. चौथीपर्यंत शिकलेली बाई, "अपघाती वळण" पासून "येथे खत मिळेल" पर्यंत एक सोडली नाही. मी वैतागून म्हटलं, "आई, बस की आता." मग ती राजूर येईपर्यंत माझ्याकडेच बघत बसली. उलटी झाली नाही.

आता हिशेबाला बसलं तर सांगण्यासारखं एवढंच: डाउनपाईप घ्यायचा तर जाळीवालाच घ्या, बसवताना समोरून हलू नका, आणि राजूरचे पेढे आणायला विसरू नका. आम्ही विसरलो. संध्याकाळी सावेडीला पोचलो, सतीश पिशव्या घेऊन वर गेला, आणि मी गाडी लावत होते तोवर आईचा फोन आला.

"पोचलीस का?"

"पोचले. तू औषध घातलंस का डोळ्यात?"

"घातलं. दुसऱ्या डोळ्याचं कधी म्हनला गं डाक्टर? गाडी घेऊन ये मला न्यायला. एस्टीत लई धक्के बसत्यात."

मी येईन म्हटलं. मग आई म्हणाली, "आन् नंदे, केसाला कायतरी लावत जा. केवढे पिकलेत. मला वाटत हुतं, तू अजून तशीच हायेस."